भांडण्यापुरती तुर्की

१९७९ साल. मी एकतीस वर्षांचा होतो आणि कतारमध्ये, दोहाला, एका तुर्की कंत्राटदाराकडे सेंटरिंगच्या टोळीचा मुकादम होतो. शिक्षण चौथी, तीही अर्धी, कारण परीक्षेच्या महिनाभर आधी वडिलांनी हातात सुताराची वाकस दिली आणि म्हणाले, चल. अंकवाल्यांनी लेख मागितला तेव्हा म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगा, आमचा माणूस लिहून घेईल." मी म्हटलं, माझ्या हाताला काय झालंय? तेव्हा हे मी स्वतः लिहिलंय. ऱ्हस्वदीर्घ सुधारा, शब्द बदलू नका.

कतारात अकरा वर्षं काढली. ती सगळी सांगत बसत नाही. सगळ्यांची तीच असतात, ऊन आणि पत्रं. मला सांगायचंय ते तुर्की भाषेतल्या चार-पाच बारक्या शब्दांबद्दल. आपण ‘पण’, ‘कारण’, ‘नाहीतर’, ‘तर’ असं म्हणतो ना, तसले जोडायचे शब्द. त्यातला एक मी चुकीचा वापरला आणि माझ्या टोळीतल्या दत्ता नावाच्या माणसाचा पाय कायमचा ताठ झाला. आजवर हे मी कुठे लिहिलेलं नाही.

आधी सेंटरिंग म्हणजे काय ते सांगतो. तुम्ही ज्या छताखाली बसून हे वाचताय ते छत ओतलं तेव्हा पातळ पिठल्यासारखं होतं. ते हवेत धरायला खाली फळ्यांचा साचा लागतो आणि साच्याखाली टेकू. शेकड्यांनी टेकू. काँक्रीट घट्ट होईपर्यंत सगळा भार त्यांच्यावर. घट्ट झालं की आम्ही टेकू काढतो, फळ्या काढतो आणि पुढच्या मजल्यावर जातो. इमारत उभी राहिली की आमच्या कामाचं एक चिन्ह तिथे उरत नाही. गवंड्याची भिंत राहते, रंगाऱ्याचा रंग राहतो. आमचं काम चांगलं झालं की ते दिसत नाही. दिसलं, तर काहीतरी पडलेलं असतं.

काम चालू होतं फरीज बिन ओमरानमध्ये. भाड्याच्या खोल्यांची चार मजली इमारत. माझ्या टोळीत चौदा माणसं, अर्धी कोकणातली आणि अर्धी सातारा-कराडकडची. आमच्यावर फोरमन काझिम उस्ता. पन्नाशीचा, मिशी पांढरी, कमरेला कायम हातोडा. उस्ता म्हणजे आपला उस्ताद, हाताचा कारागीर. हा शब्द तुर्क लोक सहजासहजी कुणाला लावत नाहीत. त्याचा गाव तिकडे समुद्राकाठी, चहाच्या मळ्यांचा. माणूस कामाचा पक्का आणि डोक्याने माझ्यासारखा, म्हणजे एकदा म्हटलं ते म्हटलं. तुर्कीशिवाय भाषा येत नव्हती. इंग्रजीतलं ओके आणि फिनिश, अरबीतलं यल्ला आणि खलास, संपलं.

माझं नाव धोंडू. त्याला ध म्हणता येईना, तो म्हणायचा दोन्दू. आता गंमत अशी की तुर्कीत दोन्दू म्हणजे गोठलं, घट्ट झालं. काँक्रीट आवळलं की म्हणतात, बेतोन दोन्दू. आधीच्या साइटवर स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी तो वरून ओरडायचा, "दोन्दू मु?" म्हणजे, घट्ट झालं का? आणि मी खालून म्हणायचो, "हां उस्ता, इथंच आहे." महिनाभर हे चाललं. मग त्याला कळलं आणि तो पाडावर, म्हणजे परांचीवर, बसून हसला. मी त्याला सांगितलं, आमच्याकडेही धोंडू म्हणजे दगडच. तेव्हापासून त्याचं-माझं बरं जमलं.

वस्तूंची नावं मी तीन महिन्यांत उचलली. खिळ्याला चिवी, टेकूला दिरेक, फळीला तहता, म्हणजे आपल्या तक्तपोशीतला तक्ता. काप म्हणजे केस, आण म्हणजे गेतिर. पण वाद झाला की मी हरायचो. नुसती वस्तूंची आणि कामांची नावं येत असली की माणूस हुकूम ऐकू शकतो, भांडू शकत नाही. "चिवी नाही. काम नाही." एवढंच बोलता यायचं मला. म्हणजे चिवी नाही म्हणून काम नाही, की काम करायचंच नाही, हे तो त्याच्या मनाने ठरवणार आणि शिवी देणार. सुट्या फळ्या कितीही असू देत, खिळ्याशिवाय त्यांचा साचा होत नाही, तसं ते.

हे मी हुसेनभाईला बोललो. हुसेनभाई आमच्या पिकअपचा ड्रायव्हर. रत्नागिरीकडचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, उर्दू वाचणारा, अरबी कामापुरती बोलणारा. शुक्रवारी दाढी करता करता त्याने माझा प्रश्न सोडवला.

"अरे धोंडू, ही भाषा आपल्याला येतेच. फक्त ते तोंड वाकडं करून बोलतात. अमा म्हणजे पण. लाकिन म्हणजे लेकिन. चुंक्यू म्हणजे उर्दूतलं चूँकि, कारण म्हण. हेम म्हणजे हम, तेही-हेही. बेल्की म्हणजे बल्कि. झालं तुझं व्याकरण."

"हुसेनभाई, नक्की ना?"

"माझा बाप मदरशात शिकवायचा. सुताराने मला विचारायचं, नक्की का म्हणून?"

"सुतार मोजल्याशिवाय कापत नाही, म्हणून विचारलं."

"मग मोज तू. मी जातो नमाजाला."

मी ते सगळे शब्द सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर लिहून घेतले. दुसऱ्या दिवसापासून लावायला सुरुवात केली.

पहिलं भांडण खिळ्यांचं. काझिमने जुने वाकडे खिळे बादलीभर आणून टाकले, ठोकून सरळ करा आणि तेच वापरा. आधी मी नुसता "योक, योक", म्हणजे नाही नाही, म्हणालो असतो आणि त्याने माझी आई काढली असती. या वेळी सरळ उभा राहून म्हणालो, "उस्ता, बू चिवी हेम एस्की, हेम दे एइरी." हा खिळा जुनाही आहे आणि वर वाकडाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बकरं बोललं. मग बादली पायाने सरकवली आणि स्टोअरमधून नवीन पेटी मागवली. "आफेरिन, दोन्दू उस्ता," म्हणाला. शाब्बास. उस्ता म्हणाला, सगळ्या टोळीसमोर.

दत्ता माझ्या शेजारीच होता. कोरेगावकडचा, चार मुलींचा बाप, कामाला वाघ, तोंडाने तिखट. म्हणाला, "तात्या, काय म्हनलासा त्याला? मंत्र हाय काय?"

"दोनदा हेम म्हणायचं. एकदा म्हटलं तर तक्रार होते, दोनदा म्हटलं की मुद्दा होतो."

"मग आमच्या बायकूला येतंय की तुर्की. ती बी धा दा म्हनती."

नंतर योक्सा सापडला. योक्सा म्हणजे नाहीतर. हा हुसेनभाईच्या यादीत नव्हता, तो मी काझिमच्याच तोंडून उचलला. दिवसभरात वीसदा म्हणायचा, घट्ट ठोक, योक्सा सुटेल. मीही त्याला म्हणालो, वर पाण्याचं पिंप पाहिजे, योक्सा माणूस पडेल. पिंप आलं. सावलीला ताडपत्री आली. दुसऱ्या टोळीतले पंजाबी लोक मला बोलवायला लागले, मुकादम, जरा हमारा भी बोल दो. मी मिशीला पीळ द्यायचो. तेव्हा मिशी होती.

आता स्लॅबकडे येतो.

त्या जागी पायासाठी खड्डा खणला तेव्हा खालून खारं पाणी आलं होतं. समुद्र लांब नाही, वाळूखाली पाणी असतंच. पंप लावून ते उपसत पाया भरला, मग खड्डा मातीने बुजवला आणि पंप बंद केले. त्या भरावावर आम्ही पहिल्या स्लॅबचे टेकू उभे केले. स्लॅब दोन हिश्श्यांत टाकायचा होता. पहिल्या हिश्श्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी खालून फिरत होतो. सेंटरिंगवाला स्लॅबच्या आदल्या दिवशी एक एक टेकू हातोडीने वाजवतो. भार घेतलेला टेकू टण बोलतो, सैल टेकू ठप बोलतो. उत्तरेच्या कोपऱ्यात सात-आठ टेकू ठप बोलले. सकाळी तेच टण बोलत होते, मी स्वतः ठोकले होते. म्हणजे टेकू सैल झाले नव्हते, जमीन खाली गेली होती. मी बोटाएवढी जाड सळई घेतली आणि जमिनीत दाबली. कोपरापर्यंत आत गेली. बाहेर काढली तर टोक ओलं.

यावर उपाय सोपा आहे. भरण थांबवायची, टेकूंच्या बुडाखाली रुंद फळ्या घालायच्या, जमल्यास भराव कुटायचा. दोन दिवसांचं काम. पण काँक्रीटच्या गाड्या उद्या सहाला ठरलेल्या होत्या आणि काझिमला त्या परत पाठवायच्या नव्हत्या.

सळई माझ्या हातात होती. काझिम पन्नास पावलांवर होता. त्याला कोपऱ्यात नेऊन सळई त्याच्यासमोर दाबली असती, तर एक शब्द बोलायची गरज नव्हती. दगडालाही कळलं असतं. मी तसं केलं नाही. मला बोलून जिंकायचं होतं. सळई भिंतीला लावून ठेवली आणि मनात वाक्य जुळवत त्याच्याकडे गेलो.

मला म्हणायचं होतं, टेकू नुसते खचणार नाहीत, बल्कि काँक्रीटच खाली येईल. बल्कि हा केवढा जोराचा शब्द आहे बघा. एवढंच नव्हे, तर उलट त्याहून मोठं. आधीचं झटकून पुढचं छातीवर ठेवतो. मी छाती काढून म्हणालो, "उस्ता, दिरेक बातमाझ, बेल्की बेतोन द्युशेर!"

काझिमने भुवई उचलली. "बेल्की?"

"एवेत! बेल्की!" मी मांडीवर हात मारला. एवेत म्हणजे हो.

"बेल्की यामूर दा यार," म्हणाला आणि हसला. मला त्यातलं बेल्की तेवढं कळलं. मला वाटलं, मुद्दा पोचला, म्हणून माझाच शब्द परत म्हणतोय.

"बेल्की, उस्ता, बेल्की!" मी आणखी जोराने.

तो गंभीर झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "केसिन मी?"

केस म्हणजे काप, हे मी वर सांगितलंच. मला वाटलं तो विचारतोय, टेकू कापायचे का? आता टेकू कापले म्हणजे सत्यानाश. मी दोन्ही हात हलवून ओरडलो, "योक, योक! केस योक!"

त्याने मान हलवली, खांदा थोपटला. "तामाम. यारिन बेतोन." ठीक, उद्या काँक्रीट. आणि गेला.

मी टोळीकडे आलो. दत्ताने विचारलं, "काय म्हनला?"

"सांगितलंय त्याला. खणखणीत सांगितलंय. आता तो जाणे."

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. सांगितलंय त्याला. वाक्य इतकं झोकात जमलं होतं, की त्याने ऐकलं नाही याचं मला वाईट वाटायच्या आधी, मी बोललो काय छान याचंच बरं वाटत होतं. मी टोळीला घेऊन बसून राहिलो असतो, कुणी खाली जायचं नाही म्हटलं असतं, तरी चाललं असतं. तेही केलं नाही.

स्लॅब पडत असताना आमची चार माणसं खाली असतात. हातोडी आणि पाचरी घेऊन टेकू ऐकत फिरायचं, सैल वाटला की पाचर मारायची. उत्तरेच्या कोपऱ्यात दत्ता होता, कारण चौघांत त्याचा कान सगळ्यात चांगला. मी वर होतो. साडेआठच्या सुमाराला ओल्या काँक्रीटवरचं पाणी एका बाजूला धावायला लागलं. सपाट जागेवर पाणी धावत नाही. मी ओरडलो, बाहेर या! तिघं बाहेर आले. कोपरा खाली बसला, मोठा आवाजही नाही झाला, ओली गोणी टाकल्यासारखा. दत्ता दोन टेकूंच्या मधून निघत होता, तुळईच्या साच्याची फळी त्याच्या डाव्या गुडघ्यावर आली.

पहिला आत शिरला तो काझिम. हे लिहायलाच पाहिजे. वरून काँक्रीट गळत होतं आणि तो पोटावर सरपटत गेला, जॅक लावला, फळी चार बोटं उचलली, आणि मी दत्ताला काखेत धरून ओढला. हुसेनभाईने पिकअप इस्पितळापर्यंत कशी नेली ते त्यालाच माहीत. दत्ता शुद्धीत होता. वाटेत एवढंच म्हणाला, "तात्या, तुमी सांगितलं हुतं."

तीन दिवसांनी ऑफिसात चौकशी झाली. तुर्की इंजिनिअर, काझिम, मी, आणि मधे टायपिंग करणारा मल्याळी, इंग्रजीचं हिंदी करायला. इंजिनिअरने काझिमला विचारलं, मुकादमाने धोक्याची सूचना दिली होती का? काझिम टोपी हातात धरून बराच वेळ बोलला. इंजिनिअरने इंग्रजीत सांगितलं, टायपिस्टने हिंदीत.

"ये बोलता है, धोंडूने कहा था, खंभा नहीं धसेगा, शायद काँक्रीट गिरेगा."

"शायद?" मी उठून उभा राहिलो. "मैंने शायद बोलाच नहीं! बल्कि बोला. बेल्की!"

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. "बेल्की," म्हणाला, आणि इंग्रजीत काहीतरी. टायपिस्टने चष्मा पुसला. "भाईसाब, बेल्की का मतलब ही शायद होता है. और ये बोलता है, मैंने फिर पूछा था, केसिन मी, पक्का क्या? तो इसने बोला, नहीं नहीं."

मी खाली बसलो.

म्हणजे मी काय बोललो होतो ते तुमच्या लक्षात आलं असेल. टेकू खचणार नाहीत, कदाचित काँक्रीट पडेल. कदाचित? हो, कदाचित! कदाचित पाऊसही पडेल. कदाचित, उस्ता, कदाचित! खात्री आहे का? नाही, नाही! दोन्ही हात हलवून. तीस वर्षं काम केलेल्या फोरमनने यावर गाड्या परत पाठवाव्यात का? मीही पाठवल्या नसत्या.

कागदावर लिहिलं गेलं की जमीन बसली. कुणाला काढलं नाही. मी बाहेर आलो तर टोळी दारातच. "काय झालं मुकादम? काय म्हणाला म्हातारा?"

आता इथे मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत आहे. पण तेरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, ज्यांच्यासमोर मी वर्षभर तुर्की झाडली होती. मी म्हणालो, "तुर्क खोटं बोलला. म्हणाला, मला नीट सांगितलंच नाही."

झालं. त्या दिवसापासून काझिम साइटवर आला की कुणीतरी मागून "झूठा" म्हणायचं. हिंदीत, म्हणजे पंजाब्यांनाही कळावं. त्याच्या हातचा चहा कुणी घेईना. मी शुक्रवारी दत्ताला भेटायला गेलो, त्याच्या गुडघ्यात सळया घातल्या होत्या आणि पाय वर टांगलेला. म्हणाला, "तात्या, त्या म्हाताऱ्याला म्हनावं, दत्ताचा तळतळाट लागंल तुला. खोटारडा." मी त्याला संत्रं सोलून दिलं. एक एक फोड त्याच्या हातावर ठेवत गेलो.

हुसेनभाईला मात्र मी पकडलं. "बेल्की म्हणजे शायद."

तो गाडी पुसत होता. थांबला. "असं होय? एकाच घरातला शब्द, दुसऱ्या गावात दिला तर असा बिघडला." मग माझ्याकडे बघून, "आणि तू कुणाला सांगितलंस हे?"

"कुणाला नाही."

"मी सांगू? यादी माझी होती."

"तोंड माझं होतं."

त्यानंतर मी कागद फाडून टाकला आणि नियम केला. कोणताही शब्द तीन वेगळ्या वेळी, तीन वेगळ्या कामांना ऐकल्याशिवाय तोंडात घ्यायचा नाही. असा मला मादेम मिळाला. तुर्कांचा चहावाला म्हणायचा, मादेम आलास, चहा पी. स्टोअरवाला म्हणायचा, मादेम नेलंस, सही कर. इंजिनिअर ड्रायव्हरला म्हणाला, मादेम रस्ता माहीत आहे, पुढे हो. आपण हे नुसत्या च आणि तर वर भागवतो. आलाच आहेस, तर चहा घे. माझ्या मते भांडणातला सगळ्यात जबरदस्त शब्द हाच. ‘पण’ म्हटलं की तुम्ही समोरच्याला अडवता. ‘कारण’ म्हटलं की तुम्हाला पुरावा द्यावा लागतो. मादेममध्ये तुम्ही त्याचंच म्हणणं खरं धरता आणि त्यावर भार टाकता. पेललं तर ठीक.

तीन आठवड्यांनी दुसरा हिस्सा टाकायचा ठरला, शनिवारी. गुरुवारी दुपारी मी टेकू वाजवले. चार ठप बोलले. या वेळी सळई खाली ठेवली नाही, घेऊन गेलो. काझिम माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. त्याला हाताने खूण करून आणला, सळई दाबली. वीतभर गेली.

"आझ," म्हणाला. थोडंच. त्याचं म्हणणं, या बाजूची जमीन जुनी आहे, इंजिनिअरने पाहिलीय. "सालम, सालम." म्हणजे पक्की आहे. ऐकायला सलामसारखं लागतं. मी दुसऱ्या जागी दाबली, परत वीतभर. परत "सालम". इंजिनिअरने हो म्हटलेल्या गोष्टीला नाही म्हणायला त्याचीही जीभ उचलत नव्हती. टोळी हातातली कामं टाकून जवळ आली होती.

मी सळई जमिनीत तशीच उभी सोडली आणि सावकाश म्हणालो, "उस्ता, मादेम सालम, सेन दे आल्तिंदा दुर."

पक्कीच आहे, तर तूही खाली उभा राहा.

मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो, त्यात राग नव्हता. मग त्याने सळई उपटली, दोन पावलं पलीकडे गेला, दोन्ही हातांनी स्वतः दाबली. हातभर आत गेली. ती काढून टोकाला बोट लावलं, बोट तोंडात घातलं. खारट लागलं असणार.

"हाकलिसिन," म्हणाला. तुझं बरोबर. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जुमार्तेसी बेतोन योक!" शनिवारी काँक्रीट नाही.

टोळीने टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या पाठीत धपाटा घातला. आणि त्या गलक्यात मागून कुणीतरी परत म्हणालंच, "झूठा!"

काझिम जायला निघाला होता, तो वळून माझ्याजवळ आला. हळूच विचारलं, "दोन्दू उस्ता, झूटा ने देमेक?" झूठा म्हणजे काय?

तीन आठवडे तो तो शब्द ऐकत होता. अर्थ विचारायला माणूस कोण शोधला, तर मी. मी जमिनीकडे पाहिलं. झूठा म्हणजे यालांजी, खोटारडा, हे त्याला सांगायला मला एक श्वास पुरला असता, शब्द येत होता. पण मग तो विचारणार, का? चुंक्यू काय? मी म्हणालो, "यारिन." उद्या. "यारिन, उस्ता. दत्ता. बेराबेर." बेराबेर म्हणजे बरोबर, सोबत. तो मान हलवून गेला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मी हुसेनभाईला पिकअप काढायला लावली आणि काझिमच्या खोलीवर गेलो. तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराबाहेर उभा होता, हातात गावाहून आलेल्या बदामासारख्या कसल्यातरी फळांची पुडी. आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीने बसून इस्पितळात गेलो. दत्ताने काझिमला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खाटेजवळ स्टूल होतं, मी बसलो नाही. आधी मराठीत सांगितलं, "दत्ता, हा खोटं बोलला नाही. खोटं मी बोललो." बेल्कीचा अर्थ सांगितला, केसिनचा सांगितला, भिंतीला टेकवून ठेवलेल्या सळईचं सांगितलं. दत्ताचं तोंड भिंतीकडेच होतं, पण ऐकत होता, मानेवरून कळत होतं. मग काझिमकडे वळलो, झूठा म्हणजे काय ते सांगितलं, आणि म्हणालो, "सुच बेन्दे, चुंक्यू," दोष माझा, कारण, आणि कारणं होती तेवढी सगळी एकामागून एक दिली, मधे एकदाही अमा न म्हणता.